याकूबभाईंची खुंटी

मे महिन्यात आखातात उघड्यावर कार्यक्रम ठेवायचा, असं ज्याच्या डोक्यात आलं तो माणूस इथला नव्हता, एवढं मी शपथेवर सांगतो. तो युरोपातून आला असणार. तिकडे म्हणे उन्हाळ्याच्या संध्याकाळी लोक पडक्या वास्तूंच्या पायऱ्यांवर बसून ऑपेरा ऐकतात आणि थोड्या वेळाने अंगावर शाल घेतात. इथे संध्याकाळी सातला पारा अडतीसवर असतो आणि समुद्रावरची हवा कुकरची वाफ यावी तशी तोंडावर येते. तरीही पत्रिकेवर ठसठशीत छापलं होतं, ‘समर ऑपेरा, ॲट द एन्शंट रुइन्स’. तिकीट चारशे दिरहम, म्हणजे आपले साडेनऊ हजार रुपये. एवढे देऊन घाम गाळायला लोक आले होते.

आम्ही फुकट गेलो. माझी मुलगी काव्या युनिव्हर्सिटीत शिकते आणि अशा कार्यक्रमांत व्हॉलंटियर म्हणून मिरवते, तिला तीन पास मिळाले होते. फुकट मिळालं की आम्हा मराठी माणसांना कला कळायला लागते. माझी बायको सुमेधा आठ दिवस आधीपासून यूट्यूबवर बायकांच्या किंचाळ्या ऐकत होती आणि मी आवाज कमी कर म्हटलं की माझ्याकडे दयेने बघत होती.

तिसरा पास कोणाला द्यायचा हा प्रश्न होता. तो याकूबभाईंनी मागून घेतला, आणि याकूबभाई कोणाकडे काही मागत नाहीत.

याकूब मुकादम आमच्या कंपनीचे स्टोअरकीपर. हमरिया फ्री झोनमध्ये आमचा पाइपांचा कारखाना आहे, मी तिथे डॉक्युमेंटेशन बघतो. एकोणीस वर्षं ते माझ्या गाडीत पुढच्या सीटवर बसून शारजाहून कामावर येत होते. वय सदुसष्ट, उंच, काटकुळे, कानावर पेन्सिल. गाव हर्णैच्या पलीकडे समुद्रालगत. कुठला बोल्ट कुठल्या फडताळात आहे हे सबंध कारखान्यात त्या एकट्यांना माहीत होतं. ते त्यांनी मुद्दाम कुठे लिहून ठेवलं नव्हतं, अशी माझी पक्की खात्री आहे.

कारण याकूबभाई कायमचे घरी जायचे आणि परत यायचे. १९९४ मध्ये कायमचे गेले, अकरा महिन्यांत परत आले. २००३ मध्ये कायमचे गेले, गावी रंगाचं दुकान टाकलं, मेव्हण्याला दिलं आणि परत आले. २०१२ मध्ये गेले तेव्हा मी होतो. निरोपाचा केक मी कापून वाटला होता, भाषणात त्यांनी डोळे पुसले होते, आणि सात महिन्यांनी सकाळी पावणेसहाला ते नेहमीच्या कोपऱ्यावर डबा घेऊन उभे. मी गाडी थांबवली. ते बसले, पट्टा लावला आणि म्हणाले, “एसी कमी कर.” कंपनीने त्यांना तिन्ही वेळा परत घेतलं, कारण बोल्ट सापडत नव्हते. निरोपाला कंपनी भिंतीवरचं घड्याळ देते. त्यांच्या शारजातल्या खोलीत तीन घड्याळं टांगलेली होती आणि तिन्ही वेगवेगळी वेळ दाखवायची. गाडीत मी त्यांची यावरून यथेच्छ चेष्टा करायचो, आणि ते हसून घ्यायचे.

या वेळी मात्र खरोखरच संपलं होतं. वयामुळे कंपनी त्यांचा व्हिसा वाढवणार नव्हती. तीस मे हा शेवटचा दिवस ठरला होता.

मी गाडीत ऑपेराची टवाळी करत होतो. बोलता बोलता त्या ओसाड गावाचं नाव घेतलं, तसे ते वळून बसले.

“कुठलं गाव म्हणालास?”

मी पुन्हा सांगितलं. रास अल खैमाच्या रस्त्याला, किनाऱ्यावर, प्रवाळाच्या दगडांची पडकी घरं.

“एन्शंट म्हणतात त्याला?”

“पत्रिकेवर तसं छापलंय.”

“मी राहिलोय तिथे,” याकूबभाई म्हणाले. “एकोणऐंशी ते त्र्याऐंशी.”

मग त्यांनी सांगितलं. लाँचमधून आले तेव्हा ते एकवीस वर्षांचे होते. तिथले लोक नव्या घरांत निघून गेले होते आणि रिकाम्या घरांत कोकणातली पोरं राहत होती. एका खोलीत बाराजण. खोलीत कपाट नाही, पेटी ठेवायला जागा नाही, म्हणून प्रत्येकाने भिंतीत आपली एक खुंटी ठोकली. शर्ट, पिशवी, कागद, सगळं त्या खुंटीवर. खोलीचा रिवाज असा की जो नुसता रजेवर घरी जाईल त्याची खुंटी भिंतीत राहील, दुसऱ्याने तिला हात लावायचा नाही. जो कायमचा जाईल त्याने आपली खुंटी उपसून घरी न्यायची. पुढे पोरं पांगली, कोणी दुबईला गेलं, कोणी शारजाला, पण रिवाज मोडला नाही. कायमचं निघण्याआधी माणूस एकदा तिकडे जाऊन खुंटी काढून आणायचा.

“नऊजणांनी नेल्या,” ते म्हणाले. “आमच्या मोहल्ल्यात जाऊन बघ. दाराशी भिंतीत बसवलेल्या आहेत. दोघं इथेच वारले, त्यांच्या राहिल्या. आणि माझी.”

“तीन वेळा कायमचे गेलात की. तेव्हा का नाही काढली?”

“राहून गेलं,” याकूबभाई म्हणाले आणि बाहेर बघू लागले. बाहेर बघण्यासारखं ट्रकशिवाय काही नव्हतं.

त्यांची बायको शहरबानू. लग्नाला सहा महिने झाले होते तेव्हा हे निघाले. यांच्या सासऱ्याची होडी होती, तिच्या मोडक्या वल्ह्याची मूठ सासऱ्याने कापून दिली आणि हिची खुंटी कर म्हणाला. त्यामुळे ती खुंटी कशी दिसते हे शहरबानूला चांगलं ठाऊक होतं, दुसरं लाकूड दाखवून चाललं नसतं. पहिल्यांदा ते कायमचे म्हणून आले तेव्हा तिने दारातच विचारलं, खुंटी कुठे आहे. नंतरही प्रत्येक वेळी तेच. नवं घर बांधलं तेव्हा तिने गवंड्याला सांगून दाराच्या उजव्या हाताला भिंतीत एक भोक सोडायला लावलं. घराला तीनदा रंग दिला, भोक तसंच ठेवलं. आता ती फोनवर एवढंच म्हणत होती, की खुंटी घेऊन आलात तर मानीन.

“म्हणून मला ने,” याकूबभाई म्हणाले. “एरवी आता आत सोडत नाहीत. तारेचं कुंपण घातलंय.”

मी पास दिला. मनात म्हटलं, चला, एवढ्या थोतांडातून एक तरी खरं काम होईल.

त्या संध्याकाळी याकूबभाई कोट घालून आले. पत्रिकेवर ‘स्मार्ट एलिगंट’ लिहिलं होतं आणि ते नियम पाळणारे. सुमेधाने रेशमी साडी नेसली होती, ती गाडीतून उतरताच अंगाला चिकटली. पाहुण्यांना दारात हातपंखे वाटत होते, छोटे, बॅटरीचे, गुणगुणणारे. तीनशे माणसं तोंडासमोर ते पंखे धरून एकमेकांना सांगत होती की आज हवा फारच सुंदर आहे.

खेळाआधी अवशेष दाखवण्याची फेरी होती आणि आमच्या गटाला काव्या होती. पोरगी इथेच वाढली, मराठी कळतं, उत्तर इंग्रजीत देते. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब्लेट. दोन पडकी अंगणं दाखवून तिने आम्हाला एका खोलीत आणलं. खोलीला छप्पर होतं, खाली दिवे लावले होते आणि भिंतीपुढे जाड दोर बांधला होता. भिंतीत एका रांगेत बारा भोकं, त्यांतल्या तीनांत लाकडी खुंट्या.

“धिस इज माय फेव्हरिट रूम,” काव्या म्हणाली. “इट्स अ पर्ल डायव्हर्स कॅलेंडर. ट्वेल्व्ह होल्स, ट्वेल्व्ह मंथ्स. दे मूव्ह्ड द पेग्ज टु काउंट द सीझन. बिलीव्ह्ड टु बी ओव्हर टू हंड्रेड इयर्स ओल्ड.”

लोकांनी हुंकार भरले. एका गोऱ्या बाईने छातीवर हात ठेवला. एका गृहस्थाने विचारलं की तीन खुंट्या म्हणजे मोती काढण्याचे तीन महिने का, आणि काव्याने फार चांगला प्रश्न आहे असं सांगितलं. भिंतीचे फोटो निघाले. कोकणातल्या बारा पोरांच्या बनियनच्या जागा होत्या त्या.

याकूबभाई माझ्या कानाशी आले. “बारा माणसं होती म्हणून बारा भोकं.”

“सांगा की तिला.”

“जाऊ दे. पोरीला मजा येतेय.”

मला सांगता आलं असतं. माझीच मुलगी होती. पण समोर आमच्या कंपनीचे दोन मोठे साहेब सपत्नीक फोटो काढत होते आणि सुमेधा लेकीकडे कौतुकाने बघत होती. मी माझा पंखा सुरू केला. ज्या थापेची टिंगल मी पुढे चार ठिकाणी केली, तिच्यासमोर उभा असताना मी एक शब्द बोललो नाही, हे आधीच सांगून टाकतो.

“उजवीकडून चौथ्या भोकातली,” याकूबभाई हळूच म्हणाले. “ती माझी.”

मग ऑपेरा सुरू झाला. त्याबद्दल बोलायचं तर कथा एवढीच, की एका बेटावर एक बाई आहे आणि तिच्या नवऱ्याला जहाजावर जायचं आहे. तो पहिल्याच प्रवेशात सांगतो की मी निघालो. मागे पडद्यावर इंग्रजीत आणि अरबीत ओळी उमटत होत्या, त्यामुळे गैरसमजाला जागा नव्हती. मी निघालो, असं तो पंचवीस मिनिटं गात होता. मध्येच गुडघ्यावर बसला, बाईचा हात धरला, पुन्हा निघालो म्हणाला, आणि तिथेच. वर मखमली अंगरखा. घामाने त्याचा रंग गळ्याकडून खाली उतरत होता. वादकांपैकी एका म्हाताऱ्याला उठवून आत नेलं. लोक टाळ्या वाजवत होते. जितकं जास्त उकडत होतं तितकी जोरात टाळी पडत होती, कारण एवढं सोसल्यावर ते वाईट होतं असं म्हणायला कोणाची छाती होणार.

“हा माणूस निघतो निघतो म्हणतो आणि हलत नाही,” याकूबभाई म्हणाले.

“तुमच्या वहिनींना कळतंय सगळं,” मी सुमेधाकडे बोट दाखवून म्हटलं. तिने आम्हा दोघांना गप्प केलं.

मध्यंतर झालं. सगळी गर्दी थंड सरबताच्या टेबलांकडे धावली, सोबत त्या खोलीचा पहारेकरीही गेला. याकूबभाई उठले, कोट नीट केला आणि उलट्या दिशेने चालू लागले. मी सुमेधाला सरबत आणून दिलं. पाच मिनिटं थांबलो, मग म्हटलं, म्हातारा एकटा झटतोय, हात द्यावा.

खोलीच्या चौकटीला दार नव्हतं. मी बाहेर अंधारात थांबलो कारण ते मला पाठमोरे दिसले आणि त्यांनी दोर ओलांडला होता. दोन्ही हातांनी चौथ्या भोकातली खुंटी धरून ते डावी-उजवीकडे पिळत होते. थोडा चुना खाली पडला. खुंटी सैल झाली, आणि सहज, एवढी सहज की त्यांचा तोल गेला, बाहेर आली.

वीतभर लांबीची होती. त्यांनी खिशातून रुमाल काढून ती पुसली. दिव्याजवळ धरली, अंगठ्याने मुठीचा गोलवा चाचपला. ओठ हलले, काय म्हणाले ते ऐकू आलं नाही. मग ती कोटाच्या आतल्या खिशात घातली, खिशावरून हात फिरवला आणि दोर ओलांडून दाराकडे दोन पावलं आले. मला बरं वाटलं. सेहेचाळीस वर्षांनी एका बाईच्या भिंतीतलं भोक भरणार होतं.

ते थांबले. वळून त्या भिंतीकडे बघत राहिले. किती वेळ ते मला सांगता येणार नाही, सरबताच्या टेबलांकडून हसण्याचे आवाज येत होते. मग त्यांनी पुन्हा दोर ओलांडला. खिशातून खुंटी काढली, भोकात घातली, आणि पायातला बूट काढून टाचेने तीन वेळा ठोकली. ती पक्की बसली का ते हलवून पाहिलं. खाली सांडलेला चुना बोटाने उचलून कडेने दाबला. चोख काम होतं. स्टोअरमध्येही ते वस्तू अशाच जागच्या जागी ठेवायचे.

मी दहा पावलं मागे गेलो आणि आवाज करत परत आलो.

“काय झालं, निघाली?”

“नाही रे,” याकूबभाई बूट घालत म्हणाले. “डागडुजी केलीय ना यांनी. आतून सिमेंट भरलंय. हलत नाही.”

“मी बघू का?”

“नको. एन्शंट आहे, काही तुटलं तर काव्याला त्रास.”

मला त्यांची कीव आली नाही, राग आला. तीन घड्याळांचा, तीन केकांचा, त्या भोकाभोवती तीनदा रंग देणाऱ्या बाईच्या वतीने आलेला राग होता. इतकी वर्षं मी समजत होतो की यांना परिस्थिती परत आणते. परिस्थिती कसली, याकूबभाईंना तिकडे राहायचंच नव्हतं. त्यांना घर हवं होतं ते फोनवर, पैसे पाठवायला, रजेवर जायला, आणि निरोपाच्या भाषणात डोळे पुसायला. मला हे तोंडावर म्हणायचं होतं. पण मीही २००६ मध्ये पाच वर्षांसाठी आलो होतो, आणि नाशिकचा आमचा फ्लॅट चौदा वर्षं कुलुपात आहे. मी म्हटलं, “चला, सुरू होईल.”

दुसऱ्या अंकात तो नवरा निघाला एकदाचा. बाई मरेपर्यंत गायली. लोक उभे राहिले, आम्हीही राहिलो. याकूबभाई बराच वेळ टाळ्या वाजवत होते. परतताना सुमेधाने विचारलं, “भाई, आवडलं का?” तर म्हणाले, “फार छान, वहिनी. पण लांबवलं खूप.”

तीस मेला ते गेले. कंपनीने चौथं घड्याळ दिलं. या वेळी मी केक कापायला नकार दिला, पोटदुखीचं निमित्त सांगितलं. विमानतळावर मात्र मीच सोडलं. तिथे त्यांनी मला मिठी मारली आणि म्हणाले, “शहरबानूचा फोन आला तर सांग तिला, सिमेंट आहे. तू होतास ना तिथे. तुझं ऐकेल ती.”

फोन सप्टेंबरात आला, दुपारी, मी ऑफिसात असताना. शहरबानूभाभींशी मी याआधी फक्त ईदच्या शुभेच्छांपुरता बोललो होतो. आवाज शांत होता.

“अरुणभाऊ, कामात आहात का? एकच विचारायचं होतं.”

“विचारा ना, भाभी.”

“काल यांनी दापोलीला जाऊन पासपोर्टचे फोटो काढले. बँकेला हवेत म्हणतात. ती खुंटी खरंच निघाली नाही?”

माझ्या टेबलावर कागदांचा ढीग होता. काचेपलीकडे नवीन स्टोअरकीपर हातात यादी घेऊन बोल्ट शोधत होता. त्याच्यासाठी साहेबांनी सकाळीच मला विचारलं होतं, की मुकादम व्हिजिट व्हिसावर दोन महिने येऊ शकतील का. मी विचारतो म्हणालो होतो. आणि अजून विचारलं नसताना फोटो काढून झाले होते.

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी सांगितलं, “नाही निघाली, भाभी. मी होतो तिथे. आतून सिमेंट भरलंय.”

“तुम्ही स्वतः पाहिलंत?”

“हो.”



“चौऱ्याण्णवला आले तेव्हा म्हणाले, खोलीला कुलूप आहे,” त्या म्हणाल्या. “दोन हजार तीनला आले तेव्हा सांगितलं, ती भिंत पावसात पडली. बारा सालीही तेच, की भिंतच नाही तर खुंटी कुठून आणू. मी म्हटलं, असेल.” मग त्यांनी अगदी साधेपणाने विचारलं, “मग अरुणभाऊ, पडलेल्या भिंतीत सिमेंट कोणी भरलं हो?”

मी टेबलावरचे कागद सारखे केले.

“राहू द्या. तुम्हाला उगाच मध्ये घातलं त्यांनी,” शहरबानूभाभी म्हणाल्या. “उद्या गवंडी यायचाय पडवीच्या कामाला. ते दारातलं भोकही बुजवून घेते.”